सोळा आठवड्यांचा डोस चुकवू नका : कुत्र्या-मांजरांच्या पालकांना खुलं पत्र

प्रिय पालकहो,

ज्यांच्या घरी कुत्रं किंवा मांजर आहे, त्या सगळ्यांसाठी हे पत्र लिहिते आहे. त्यातही ज्यांच्याकडे नुकतंच पिल्लू आलंय, त्याला पहिली लस टोचून झाली आहे आणि 'आमचं वॅक्सिनेशन झालंय' असं जे निर्धास्तपणे सांगतात, त्यांनी ते आधी वाचावं अशी विनंती आहे.

मी पशुवैद्य आहे. पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, झालेलं पिल्लू दवाखान्यात येतं तेव्हा पुष्कळदा त्याच्याबरोबर लसीचं कार्डही टेबलावर ठेवलं जातं. कार्डावर एक स्टिकर असतो, कधी दोन. पुढच्या डोसची तारीख लिहिलेली असते आणि ती उलटून गेलेली असते. "डॉक्टर, लस तर दिली होती, मग कसं काय झालं?" असं विचारणारा माणूस खोटं बोलत नसतो. लस खरोखरच दिलेली असते. ती कोणत्या वयाला दिली यावर सगळं अवलंबून असतं, ही गोष्ट त्याला कुणी बसवून, समजावून सांगितलेली नसते. ती मी इथे सांगते.

पिल्लू जन्मल्यावर आईचा चीक पितं. आईच्या रक्तातली रोगांशी लढणारी प्रतिपिंडं त्या चिकातून पिल्लाला मिळतात. नवजात पिल्लाची आतडी ती जशीच्या तशी शोषून घेतात, पण ही क्षमता साधारण पहिल्या दिवसापुरतीच असते. पुढचे काही आठवडे पिल्लू जगतं ते आईच्या या देणगीवर. अडचण अशी, की लसीतला दुबळा केलेला विषाणू आणि खरा रोगाचा विषाणू यांत ही प्रतिपिंडं फरक करत नाहीत. लस टोचली की ती तिलाही निकामी करतात. पिल्लाच्या शरीराला त्या विषाणूची ओळखच होत नाही आणि ते स्वतःची प्रतिकारशक्ती तयार करत नाही.

आईकडून आलेली प्रतिपिंडं हळूहळू ओसरतात. कुणाची आठव्या आठवड्यात संपत येतात, कुणाची बाराव्या, तर कुणाची सोळाव्या आठवड्याच्या आसपासही थोडी शिल्लक असतात. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही फरक असतो, कारण कुणी चीक भरपूर प्यायलेलं असतं आणि कुणी मागे राहिलेलं असतं. त्यातही एक टप्पा फार वाईट असतो : प्रतिपिंडं इतकी कमी झालेली असतात की खऱ्या पार्वोला अडवू शकत नाहीत, पण लसीला निकामी करण्याइतकी अजून उरलेली असतात. हा टप्पा कधी आला आणि कधी गेला, हे पिल्लाकडे बघून कुणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी लस दिली जाते, आणि शेवटचा डोस पिल्लू सोळा आठवड्यांचं झाल्यावर किंवा त्यानंतर द्यायचा असतो. यातला दुसरा डोस पहिल्याचा जोर वाढवायला असतो असं बहुतेकांना वाटतं. कुत्र्यांचे पार्वो आणि डिस्टेंपर, आणि मांजरांचा पार्वोसारखाच रोग पॅनल्यूकोपेनिया, यांच्या जिवंत (दुबळा केलेला विषाणू असलेल्या) लसींचं तसं नाही. आधीचा डोस वाया गेला असेल तर हा लागू पडावा, यासाठी केलेला तो नवा प्रयत्न असतो. तीनपैकी दोन डोस झाले म्हणजे दोन तृतीयांश संरक्षण मिळालं, हा हिशेब इथे चालत नाही. दोन्ही डोस लागू पडले नसतील तर संरक्षण शून्य असतं. आणि सगळ्यात जास्त पिल्लांना लागू पडतो तो नेमका शेवटचा डोस. तोपर्यंत पिल्लू धष्टपुष्ट झालेलं असतं, घरभर हुंदडत असतं, आणि 'आता काय गरज' असं वाटून दवाखान्याची फेरी राहून जाते.

सोळा आठवड्यांनंतरही थोडी पिल्लं निसटतात. त्यांच्यासाठी सव्वीस आठवड्यांच्या सुमारास किंवा वर्ष झाल्यावर आणखी एक डोस असतो. वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हा डोस वर्षापर्यंत न थांबवता सव्वीसाव्या आठवड्यातच द्यावा असं सुचवलं गेलं. कारण सरळ आहे : सोळा आठवड्यांना ज्याला लस लागली नाही, त्याने पुढचे आठ-नऊ महिने उघड्यावर का राहावं?

पार्वोचं नाव सारखं येतंय, कारण या सगळ्या वेळापत्रकाची खरी परीक्षा तोच घेतो. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत कुत्र्यांत हा रोग कुणी पाहिलेला नव्हता. मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाच्या विषाणूचा हा अगदी जवळचा नातेवाईक. १९७८ मध्ये तो कुत्र्यांत झपाट्याने पसरला आणि दोनेक वर्षांत जगभर पोहोचला. कोणत्याच कुत्र्याच्या शरीराला तो ओळखीचा नव्हता, त्यामुळे पिल्लांबरोबर मोठी कुत्रीही गेली. आज मोठी कुत्री त्याने क्वचित दगावतात, याचं मोठं श्रेय लसीला आहे.

पार्वो झालेलं पिल्लू पहिल्या दिवशी फक्त मलूल दिसतं. जेवत नाही, कोपऱ्यात पडून राहतं. मग उलट्या सुरू होतात, पांढरा फेस, पिवळं पाणी. त्यानंतर रक्ताचे जुलाब. त्याचा वास इतका वेगळा असतो की दवाखान्याचं दार उघडताच आमच्या मदतनिसाला कळतं आणि तो पिल्लाला इतर प्राण्यांपासून लांब, वेगळ्या खोलीत नेतो. हा विषाणू शरीरात जिथे पेशी वेगाने वाढतात तिथे हल्ला करतो : आतड्याचं अस्तर आणि हाडांमधला मगज. अस्तर गळून पडतं, त्यामुळे पोटात काही टिकत नाही. मगज बंद पडतो, त्यामुळे पांढऱ्या पेशी घटतात आणि आतड्यातले साधे जंतू रक्तात शिरले तरी त्यांना अडवणारं कुणी उरत नाही. आम्ही सलाईन लावतो, उलट्या थांबवतो, प्रतिजैविकं देतो, अंग गरम ठेवतो. पिल्लाचं शरीर लढेपर्यंत त्याला तगवून धरायचं, एवढंच बहुतेक वेळा आमच्या हाती असतं. वेळेवर आणलेली बरीचशी वाचतात. उपचारच मिळाले नाहीत तर बहुतेक मरतात. पुढच्या पायाच्या शिरेत सुई धरून बसलेलं, मान न उचलता नुसते डोळे फिरवून मालकाकडे बघणारं पिल्लू पाहिलं की मला दर वेळी ते कार्डावरचं रिकामं खण आठवतं.

"पण आमचं पिल्लू तर बाहेर गेलंच नाही" हेही नेहमी ऐकते. पार्वोला पिल्लाने बाहेर जाण्याची गरज नसते. हा विषाणू जमिनीवर, भांड्यांवर, कपड्यांवर महिनोन् महिने टिकतो, सावलीच्या ओलसर जागी वर्षभरही. बुटाच्या तळव्याला चिकटून तो घरात येतो. साबणाने, फिनाईलने, हाताला लावायच्या सॅनिटायझरने तो मरत नाही. घाण आधी पूर्ण काढून टाकून, मग साध्या ब्लीचचा एक भाग तीसेक भाग पाण्यात मिसळून त्याने जागा किमान दहा मिनिटं ओली ठेवली, तर मरतो. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेलंय, तिथे लगेच दुसरं लहान पिल्लू आणू नका. आणायचंच असेल तर लसीकरण पूर्ण झालेलं, मोठं कुत्रं आणा.

याचा अर्थ सोळा आठवडे पिल्लाला खोलीत कोंडून ठेवा असा नाही. तीन ते चौदा आठवड्यांचा काळ त्याचा जग ओळखण्याचा असतो. त्या काळात माणसं, आवाज, वाहनं काहीच पाहिलं नाही तर पुढे ते भित्रं किंवा चावरं होण्याची शक्यता वाढते. त्याला कडेवर घेऊन फिरवा. लसीकरण पूर्ण झालेल्या, ओळखीच्या कुत्र्यांशी घरात खेळू द्या. फक्त जिथे अनोळखी कुत्री शी-शू करतात तिथे त्याला खाली सोडू नका.

डिस्टेंपरबद्दल थोडक्यात, पण ते वगळता येणार नाही. माणसाच्या गोवराच्या विषाणूच्या कुळातला हा विषाणू. सुरुवात सर्दी-खोकल्याने होते, डोळ्यांना चिपडं येतात, मग जुलाब. कुत्रं बरं होतंय असं वाटतं आणि काही आठवड्यांनी त्याचा जबडा आपोआप चावल्यासारखा हलू लागतो, झटके येतात, एखादा पाय झोपेतही ठराविक लयीत उडत राहतो. वाचलेल्या कुत्र्यांतही हे उडणं जन्मभर राहू शकतं. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीमध्ये याच विषाणूने तिथल्या सुमारे एक तृतीयांश सिंहांचा बळी घेतला. याच कुळातला गुराढोरांचा बुळकांडी रोग मात्र २०११ मध्ये जगातून संपल्याचं जाहीर झालं, आणि ते शक्य झालं मुख्यतः लसीमुळे. कुत्र्यांसाठीही डिस्टेंपरची उत्तम लस आहे. ती वेळेवर टोचली गेली पाहिजे, एवढंच.

आता मांजरवाल्यांकडे वळते. 'आमची मनी घराबाहेर पडतच नाही' हे कारण मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं असेल. बुटाबद्दल वर लिहिलं ते मांजरांच्या पॅनल्यूकोपेनियाला जसंच्या तसं लागू आहे, दोघे विषाणू एकाच कुळातले आणि तितकेच चिवट. लहान पिल्लांमध्ये हा रोग कधी इतका झटपट असतो की सकाळी खेळणारं पिल्लू रात्रीपर्यंत जातं. गाभण मांजरीला झाला तर पिल्लांच्या मेंदूचा तोल सांभाळणारा भाग नीट वाढत नाही आणि ती जन्मभर डोलत, अडखळत चालतात. (याच कारणाने गाभण मांजरीला ही जिवंत लस देत नाहीत. मांजर गाभण असण्याची शंका असेल तर आधी सांगा.) मांजरांचे दुसरे दोन विषाणू म्हणजे हर्पीस आणि कॅलिसी. शिंका, चिकट डोळे, तोंडात व्रण, त्यामुळे खाणं बंद. या दोन रोगांची लस लागण पूर्णपणे रोखत नाही, पण आजार सौम्य करते. हर्पीस एकदा शरीरात शिरला की तिथेच दडून राहतो आणि घर बदललं, नवा प्राणी आला, मांजराला ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून त्याची पहिली गाठ पडण्याआधी लस झालेली बरी. शिवाय कधी ना कधी मांजराला नसबंदीसाठी किंवा उपचारांसाठी दवाखान्यात आणावंच लागतं, आणि तिथे आजारी मांजरंच येतात. बाहेर हिंडणाऱ्या किंवा वर्षाच्या आतल्या मांजरांसाठी फेलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य रोगाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

रेबीजबद्दल माझा सूर थोडा कडक झाला तर समजून घ्या. बाकीच्या लसी तुमच्या प्राण्यासाठी आहेत. ही लस तुमच्या मुलांसाठी, शेजारच्या मुलांसाठी, दारात येणाऱ्या प्रत्येकासाठीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर वर्षी सुमारे ५९ हजार माणसं रेबीजने मरतात. त्यांतल्या ९९ टक्क्यांपर्यंत लोकांना तो कुत्र्यांकडून होतो आणि मरणाऱ्यांत सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात. लक्षणं सुरू झाल्यावर तो जवळपास नेहमीच जीव घेतो. आणि आजारी कुत्र्याच्या लाळेत हा विषाणू लक्षणं दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनच असतो, म्हणजे 'दिसायला तर बरं होतं' याला काही अर्थ नाही. कुणालाही चावा बसला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने तयार केलेली रेबीजची लस १८८५ मध्ये एका मुलाला टोचली गेली. तेव्हापासून आजवर ही लस अधिकाधिक सुरक्षित आणि परिणामकारक झाली आहे. एखाद्या भागातल्या ७० टक्के कुत्र्यांना ती दिली की त्या भागात रोगाची साखळी तुटते, आणि २०३० पर्यंत कुत्र्यांपासून होणारे माणसांचे रेबीज-मृत्यू शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट जगाने ठरवलं आहे. त्या ७० टक्क्यांत तुमचं कुत्रं आहे का, एवढं बघा, आणि मांजरालाही ही लस द्या. पहिला डोस बारा आठवड्यांनंतर, दुसरा वर्षाने, आणि मग लसीच्या प्रकारानुसार आणि तुमच्याकडच्या नियमानुसार.

मला माहीत आहे, अनेकांच्या मनात लसीची भीती असते. ती झटकून टाकण्यासारखी नाही. लस दिल्यावर एक-दोन दिवस प्राणी सुस्त राहतो, टोचलेली जागा दुखते, थोडा ताप येतो. हे नेहमीचं आहे. क्वचित तोंड सुजतं, अंगावर गांधी येतात, फार क्वचित जोराची अ‍ॅलर्जी येऊन प्राणी कोसळतो. अशी अ‍ॅलर्जी बहुधा लगेचच दिसते, म्हणून लस दिल्यावर थोडा वेळ दवाखान्यातच थांबा. मांजरांत इंजेक्शनच्या जागी कर्करोगाची गाठ होऊ शकते. ती फार दुर्मीळ आहे, पण होते. लसीनंतर आलेली गाठ तीन महिन्यांनीही टिकून असेल, दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, किंवा महिन्यानंतरही वाढतच असेल, तर तपासून घ्या. यांतलं एक जरी लागू झालं तरी या. हा धोका मी लपवणार नाही, आणि पॅनल्यूकोपेनियाच्या किंवा रेबीजच्या धोक्याशी त्याची बरोबरीही करणार नाही.

'दर वर्षी सगळ्या लसी कशाला?' या प्रश्नाशी मी बरीचशी सहमत आहे. पार्वो, डिस्टेंपर आणि कुत्र्यांच्या हेपॅटायटिसची (यकृताच्या विषाणूजन्य रोगाची) जिवंत लस एकदा नीट लागली की मोठ्या कुत्र्याला ती तीन वर्षांतून एकदापेक्षा जास्त वेळा देण्याची सहसा गरज नसते. प्रतिपिंडांची रक्तचाचणी करूनही ठरवता येतं. लेप्टोस्पायरोसिसचं मात्र वेगळं आहे. उंदरांच्या मूत्रातून, साचलेल्या पाण्यातून होणारा, मूत्रपिंड आणि यकृतावर घाला घालणारा, माणसालाही होणारा हा रोग. त्याची लस फार काळ टिकत नाही, म्हणून ती दर वर्षीच द्यावी लागते. तेव्हा 'सगळं दर वर्षी' किंवा 'आता काहीच नको', यांतलं एक निवडू नका. कोणती लस का आणि किती दिवसांनी, हे डॉक्टरांना विचारा. उत्तर मिळणं हा तुमचा हक्क आहे.

लस घरी आणून स्वतः टोचू नका. बाटलीच्या तळाशी जी पांढरी वडी असते तो जिवंत विषाणू असतो. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागते आणि सोबतच्या द्रवात वडी विरघळवल्यावर ती लगेच द्यावी लागते. गरम पिशवीतून आणलेली लस दिसायला तशीच दिसते, पण तिच्यात काही उरलेलं नसतं. आणि 'आमचं छोट्या जातीचं आहे, अर्धाच डोस द्या' असाही आग्रह धरू नका. लसीचा डोस वजनावर ठरत नाही.

पिल्लं विकणाऱ्यांना आणि दत्तक देणाऱ्यांना या पत्रातच दोन शब्द. सहा आठवड्यांच्या पिल्लाला एक डोस देऊन 'फुल्ली वॅक्सिनेटेड' म्हणून देऊ नका. नव्या घराला कार्ड द्या, पुढच्या तारखा समजावून सांगा आणि विण्याआधी आईचं लसीकरण पूर्ण करा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, आपण नुसता स्टिकर चिकटवून पुढची तारीख लिहितो. त्या तारखेपुढे 'का' हेही सांगायला दोन मिनिटं लागतात. गर्दीच्या दिवशीही ती द्यायला हवीत.

ज्यांची तारीख चुकली आहे त्यांनी रागावून घेण्याच्या भीतीने येणं टाळू नये. सोळा आठवड्यांखालचं पिल्लू असेल तर राहिलेले डोस लगेच सुरू करू. सहा महिन्यांपेक्षा मोठं कुत्रं असेल आणि आधीचं काहीच माहीत नसेल, तरी पार्वो-डिस्टेंपरसाठी बहुधा जिवंत लसीचा एकच डोस पुरतो, कारण त्याला अडवणारी आईची प्रतिपिंडं तोवर संपलेली असतात. लेप्टोची लस पहिल्यांदाच असेल, किंवा बरीच वर्षं चुकली असेल, तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस घ्यावे लागतात. ताप किंवा जुलाब असेल तर आधी ते बरं करू, मग लस. कार्ड हरवलं असेल तरी या. पिल्लाचं वय ठाऊक नसेल तर दात पाहून आम्ही अंदाज काढू.

आपली,
एक पशुवैद्य